पोटातल्या पिना

वार्षिकांकासाठी साहित्य मागविणारी सूचना फलकावर लागली, की आपल्या महाविद्यालयात दोन प्रकारचे लेखन हमखास जमा होते. एक कविता आणि दुसरे ‘आजचा तरुण व त्याच्यापुढील समस्या’. या दोहोंना सोडून मी शस्त्रक्रियेच्या एका उपकरणावर लेख घेऊन गेलो, तेव्हा संपादक मंडळातील सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “अरे, तुझा मुख्य विषय मराठी ना?” विषय मराठीच आहे. पण पोट कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही असते, आणि त्याच्या घरच्यांनाही असते. शिवाय ज्या गोष्टीवर आपल्याला सही करायला सांगतात ती गोष्ट निदान कळावी, एवढी अपेक्षा ठेवायला विज्ञान शाखेत प्रवेश घेण्याची गरज नसावी. सरांनी लेख ठेवून घेतला, हे त्यांचे औदार्य.

उपकरणाचे नाव सर्जिकल स्टेपलर. त्यातही मला सांगायचे आहे ते एकाच वेळी कापणाऱ्या आणि पिना मारणाऱ्या स्टेपलरबद्दल. याला मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच खल केला. ‘टाचयंत्र’ असा शब्द सुचला. वर्गातल्या मित्रांनी तो ऐकून ‘टाच’ म्हणजे पायाची का, असे विचारल्यावर मी तो मागे घेतला. आपल्याकडे ऑफिसात, शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात सगळे ‘पिना मारणे’ म्हणतात. तोच शब्द मी वापरणार आहे.

मुळात अडचण काय आहे ते आधी पाहू. हाताची कातडी फाटली तर ती शिवणे तसे सोपे. आतड्याचे तसे नाही. आतडे ही नळी आहे, ती सतत हलते, तिच्यात घाण आणि असंख्य जंतू असतात, आणि ती घाण पोटाच्या पोकळीत सांडली तर माणूस दगावू शकतो. म्हणजे शिवण अशी हवी, की तिच्यातून थेंबही गळता कामा नये. पण ती इतकी करकचूनही नको, की कडेचा रक्तपुरवठा तुटावा. कारण रक्त मिळाले नाही तर ती कड मरते, आणि मेलेली कड चार-पाच दिवसांनी उसवते. सैल ठेवली तर गळते, आवळली तर सडते. या दोहोंच्या मधली जी अरुंद वाट आहे ती शोधण्यात शल्यविद्येची कित्येक शतके गेली.

आपल्याकडील सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत शिवणे, म्हणजे ‘सीव्य’, हा एक आहे. शिवायला कोणते धागे घ्यावेत याची यादीही तेथे आहे: ताग, स्नायू, केस, आणि अश्मंतकाच्या सालीचे तंतू. अश्मंतक म्हणजे आपला आपटा. दसऱ्याला ज्याची पाने आपण सोने म्हणून लुटतो, त्याच झाडाच्या सालीने एकेकाळी जखमा शिवल्या जात, हे मला संस्कृतच्या तासाला नव्हे, तर हा लेख लिहिताना कळले. पण त्याहून नवल वाटले ते चिकित्सास्थानातील उदररोगाच्या अध्यायाचे. आतड्याला भोक पडले असेल तर त्याच्या कडा एकत्र धराव्यात, त्यांवर मोठे काळे मुंगळे लावून त्यांना चावू द्यावे, आणि चावा घट्ट बसला की मुंगळ्याचे धड तोडून टाकावे. डोके तेथेच राहू द्यावे. मुंगळा चावला की सुटत नाही, हे शेतात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. दोन अणकुचीदार नांग्या दोन्ही कडा धरून ठेवतात, आणि डोके पुढे शरीरातच जिरते. आजच्या पिनेचे तत्त्व अगदी हेच आहे: धागा नाही, गाठ नाही, प्रत्येक टाका स्वतंत्र.

मात्र यावरून ‘सर्व काही आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला बसायचे नाही. मुंगळ्यापासून स्टेपलरपर्यंत सरळ रस्ता नाही. मधली वाट युरोपातल्या प्रयोगांतून गेली. १८२६ साली लांबेर या फ्रेंच शल्यविशारदाने दाखविले, की आतड्याची बाहेरची गुळगुळीत बाजू बाहेरच्या बाजूला टेकवून शिवले तर ती चटकन चिकटते. १८८७ मध्ये अमेरिकेतील हॉलस्टेड याने, आतड्याच्या भिंतीचा जो मधला चिवट थर आहे, तोच टाका धरून ठेवतो, हे प्रयोगांनी सिद्ध केले. १८९२ मध्ये शिकागोच्या मर्फीने शर्टाच्या टिचबटणासारखी धातूची दोन अर्धी बटणे काढली. आतड्याच्या दोन टोकांत एकेक बसवायचे आणि एकमेकांत दाबून टाकायचे. जोड भरून आला की बटण शौचावाटे बाहेर! हसू येते खरे, पण त्या काळात प्रतिजैविके नव्हती आणि भूलही आजच्यासारखी सुरक्षित नव्हती. पोट जितका वेळ उघडे, तितका धोका मोठा. म्हणून जो तो वेळ वाचविण्याच्या मागे होता.

खऱ्या अर्थाने पिना मारणारे पहिले यंत्र १९०८ साली हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, वापरले गेले. ह्युमेर हुल्टल हा शल्यविशारद आणि व्हिक्टर फिशर हा उपकरणे बनविणारा कारागीर, या दोघांची ती जोडी. हुल्टलला जठराचा भाग कापून काढायचा होता, आणि कापताना जठरातले काही सांडू द्यायचे नव्हते. त्याने विचार असा केला, की आधी शिवावे आणि मग कापावे. जठराच्या दोन्ही बाजूंना पिनांच्या दुहेरी रांगा मारायच्या, आणि मधल्या मोकळ्या पट्टीतून सुरी फिरवायची. दोन्ही तोंडे कापण्याआधीच बंद! पिना पोलादाच्या बारीक तारेच्या होत्या आणि वळल्यावर इंग्रजी ‘बी’ अक्षराचा आकार घेत. आज शंभराहून अधिक वर्षांनंतर या दोन्ही गोष्टी, म्हणजे रांगांच्या मधून छेद आणि ‘बी’चा आकार, जशाच्या तशा टिकून आहेत. बदलले ते बाकीचे. हुल्टलचे यंत्र साडेतीन किलोंच्या आसपास वजनाचे होते आणि ते जुळवायला दोन तास लागत.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. हंगेरीच्याच आलादार पेट्सने १९२० च्या सुमारास हलके आणि सुटसुटीत यंत्र केले. १९३४ मध्ये जर्मनीतील उल्म येथील फ्रीडरिश याने पिनांची आधीच भरलेली, बदलता येणारी पेटी बसविली. बंदुकीत काडतूस घालावे तशी. आजही तिला कार्ट्रिज, म्हणजे काडतूसच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाने या कामासाठी मॉस्कोत १९५१ साली स्वतंत्र संस्थाच स्थापन केली आणि रक्तवाहिनीसाठी वेगळे, फुप्फुसासाठी वेगळे, आतड्यासाठी वेगळे, अशी यंत्रे काढली. ती उत्तम होती, पण बहुतेकांत चिमट्याने एकेक पीन भरावी लागे. १९५८ मध्ये अमेरिकेतील मार्क रॅविच रशियाच्या दौऱ्यावर गेले असता त्यांनी कीव्ह येथे हे यंत्र चालताना पाहिले, आणि लेनिनग्राडच्या एका दुकानातून एक विकत घेऊन ते मायदेशी परतले. शीतयुद्धाच्या काळात एका सर्जनच्या सामानातून ही विद्या सीमेपलीकडे गेली, याची मला मोठी गंमत वाटते. त्यानंतर १९६४ साली लिऑन हिर्श या व्यावसायिकाने अमेरिकेत कंपनी काढली, रॅविच आणि स्टायचेन यांनी शास्त्रीय बाजू सांभाळली, आणि तयार भरलेल्या काडतुसांची यंत्रे जगभर गेली. कापून पिना मारणारे यंत्र त्यांतलेच.

आता ते चालते कसे ते पाहू. टेबलावरचा स्टेपलर उघडून समोर ठेवा. वर पिनांची पट्टी, खाली दोन खळगे असलेला पत्रा. आपण दाबतो, एक पीन कागदातून खाली जाते, तिचे दोन पाय खळग्यांत शिरतात आणि वळून आत येतात. हा खालचा पत्रा म्हणजे या यंत्राची ऐरण. लोहाराच्या ऐरणीवर जशी तापलेली पात आकार घेते, तशी ऐरणीच्या खळग्यांत पीन आकार घेते. सर्जनच्या यंत्रातही दोन लांब जबडे असतात. एका जबड्यात काडतूस, दुसऱ्यात ऐरण. काडतुसात मराठी ‘ण’च्या शेपटासारख्या नव्हे, तर सरळ इंग्रजी ‘यू’सारख्या उभ्या पिना रांगांनी बसविलेल्या असतात. मधोमध एक बारीक चीर असते, तिच्यातून पाते धावते. चिरेच्या डाव्या बाजूला दोन किंवा तीन रांगा, उजव्या बाजूला तितक्याच.

सर्जन जबड्यांत आतडे धरतो, जबडे मिटतो आणि दांडा पुढे सरकवतो. दांड्याच्या टोकाला पाचरीसारखा उतरता तुकडा असतो. तो पाचर जसजसा पुढे जातो, तसतसा पिनांच्या खालच्या ढकलण्यांना वर उचलतो. पिना आतड्यातून पार जाऊन ऐरणीवर वळतात. आणि पाचरीच्या पाठोपाठ पाते येते. क्रम लक्षात घ्या. आधी पीन, मग पाते. पात्याला पिनांच्या पुढे जाण्याची मुभाच नाही. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की पाते शेवटच्या पिनेच्या अलीकडेच थांबते. कापलेल्या रेषेपेक्षा शिवलेली रेषा नेहमी थोडी लांब असावी, म्हणजे टोकाला उसवणार नाही. कापडाला काजे करणारा कोणताही शिंपी हे सांगेल.

रांगा समोरासमोर नसतात. एका रांगेत जेथे दोन पिनांमध्ये फट, तेथे शेजारच्या रांगेत पीन. आमच्या काकूने शिवलेली गोधडी डोळ्यांसमोर आणा. धावदोऱ्याच्या ओळी घालताना एका ओळीचा टाका जेथे बुडतो, तेथे पुढच्या ओळीचा वर येतो. म्हणून चिंध्यांचे थर सरकत नाहीत. यंत्र बनविणाऱ्यांनी गोधडी पाहिली असेल असे नाही, पण विटांची भिंत तर पाहिलीच असेल.

आणि ‘बी’ आकार कशासाठी? पिनेचे पाय सपाट चेपले असते तर मधले मांस चिरडून मेले असते. ‘बी’ अक्षरात दोन पोकळ्या राहतात, आणि त्यांतून बारीक केशवाहिन्यांतले रक्त कडेपर्यंत पोहोचू शकते. मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, बारीक वाहती राहते. मघाशी जी अरुंद वाट म्हटली, ती या दोन पोकळ्यांतून जाते.

पुष्कळांना वाटते, की हे शिवणयंत्रासारखेच काहीतरी असणार. मलाही तोच दाखला द्यावासा वाटला होता. पण आपल्या मोंढ्यात हंगामाच्या दिवसांत सोयाबीनची पोती शिवताना पाहिली, तेव्हा फरक स्पष्ट झाला. ते हातात धरायचे यंत्र सरसर पोत्याचे तोंड शिवत जाते आणि शेवटी धागाही कापते. शिवणे आणि कापणे, दोन्ही झाले. परंतु ती साखळीची शिवण असते. बरोबर टोक सापडले की हमाल एक हिसडा देतो आणि सबंध पोते क्षणात उघडते. आतड्याला तशी शिवण देऊन कसे चालेल? स्टेपलरमध्ये प्रत्येक पीन आपापल्या जागी एकटी उभी असते. एक वाकडी बसली तरी शेजारची सुटत नाही. याला दुसरी बाजूही आहे. हाताने शिवणारा सर्जन प्रत्येक टाक्याला ताण कमी-जास्त करू शकतो. यंत्र मारते ते सगळे एकाच मापाने. म्हणून माप आधी अचूक निवडावे लागते.

मापाची ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बारीक रक्तवाहिनी, लहान आतडे आणि जाड जठर यांना एकच पीन कशी चालेल? दोन कागदांना जी पीन चालते ती शंभर पानांच्या गठ्ठ्याला चालत नाही, आणि गठ्ठ्याची पीन दोन कागदांत सैल राहते. म्हणून काडतुसांना रंग दिले आहेत. सर्वसाधारणपणे पांढऱ्या काडतुसातील पीन अडीच मिलिमीटर उंचीची असते आणि वळून १ मिलिमीटरची होते, ती रक्तवाहिन्यांसाठी. निळी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, मिटल्यावर दीड, ती आतड्यासाठी. हिरवी चार ते पावणेपाच, मिटल्यावर दोन. ती जाड भिंतीसाठी. कंपनीप्रमाणे रंग बदलतात, त्यामुळे सर्जनला रंगापेक्षा आकडा पाहावा लागतो. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पण जाड जागी छोटी पीन मारली तर तिचे पाय पुरत नाहीत आणि ती वळतच नाही. पातळ जागी मोठी मारली तर रक्त वाहत राहते. आणि आजारी आतडे सुजलेले असते, हे वेगळेच. म्हणून जबडे मिटल्यावर लगेच पिना मारायच्या नाहीत, थोडे थांबायचे, असा नेम आहे. मांसात पाणी असते. दाबून दहा-पंधरा सेकंद धरले की ते बाजूला सरते, भिंत पातळ आणि एकसारखी होते, आणि मग पीन नीट बसते. ओले धुणे पिळताना पहिल्या पिळ्यानंतर आपण क्षणभर थांबतो, तसेच.

हे सारे मला का शोधावे लागले, ते आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या काकांना मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाशी गाठ निघाली. आमचे गाव गंगाखेड तालुक्यात, शेती कोरडवाहू. तपासण्या परभणीत झाल्या आणि शस्त्रक्रिया नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात ठरली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी एक कागद आमच्यापुढे आला. त्यावर छापील इंग्रजी मजकूर, आणि खाली हाताने लिहिलेले: लिनिअर कटर, दोन काडतुसे, सर्क्युलर स्टेपलर. रक्कम पन्नास हजारांच्या वर. काकांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, “सात-आठ क्विंटल कापूस झाला की रे हा.” काकूला मी कागदातले सांगितले, तर ती हबकलीच. “माणसाच्या आतड्याला पिना मारतेत म्हणं! वही हाये का ती?” कागद घेऊन आलेल्या मुलाला आम्ही विचारले, की हे नसले तर काय होईल. तो म्हणाला, “दहा मिनिटांत सही द्या, सामान मागवायचंय.”

सही मी केली, कारण घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. वाचले सगळे, कळले काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी मात्र औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर पेनने आतड्याचे चित्र काढून पाच मिनिटांत सगळे समजावले, आणि काकांच्या मनातला खरा प्रश्न काकांनी न विचारताच ओळखला. “काका, पोटावर पिशवी लागेल का, हेच ना? गाठ थोडी वर आहे. जोडता येईल असं दिसतंय, आणि त्यासाठीच हे यंत्र मागवलंय.” आदल्या रात्री कोणी हे एक वाक्य सांगितले असते, तर काकू रात्रभर रडली नसती.

या पिशवीचाही इतिहास १९०८ पाशीच जातो. हुल्टलने यंत्र वापरले त्याच वर्षी लंडनच्या माइल्स याने गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत गुदाशय संपूर्ण काढायचा आणि आतड्याचे टोक कायमचे पोटावर उघडायचे. प्राण वाचत, पण माणसाला जन्मभर पोटावर शौचाची पिशवी बाळगावी लागे. कमरेच्या हाडांच्या खोल, अरुंद खोबणीत हात घालून आतड्याची दोन टोके शिवणे फार कठीण. सुई धरायलाच जागा नाही. तेथे गोल स्टेपलर कामी आला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पाश्चात्य देशांत तो सर्वत्र मिळू लागला, आणि १९८० मध्ये नाइट व ग्रिफेन यांनी सरळ आणि गोल, दोन्ही यंत्रे एकापाठोपाठ वापरण्याची पद्धत मांडली. काकांच्या कागदावर दोन्हींची नावे होती ती यामुळे. गाठीच्या खाली आडवी पिनांची रांग मारून तोंड बंद करायचे, गाठ वेगळी करायची, आणि मग गुदद्वारातून गोल यंत्र वर नेऊन जोड करायचा. अगदी खाली असलेल्या गाठींना आजही पिशवी लागते, आणि जोड भरेपर्यंत काही महिने ती तात्पुरती ठेवण्याचीही पद्धत आहे. पण पूर्वी ज्यांना कायमची लागली असती अशा अनेकांची ती टळली, ही गोष्ट खरी.

आपल्या महाराष्ट्रात पोट न उघडता, छिद्रांतून शस्त्रक्रिया करण्याचे युग १९९० साली सुरू झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी त्या वर्षी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ती तशी पहिली शस्त्रक्रिया. पित्ताशयाच्या नळीला स्टेपलर लागत नाही, नुसत्या क्लिपा पुरतात. पण छिद्रांतून आतड्याचे काम करायचे म्हटल्यावर शिवण्याचा प्रश्न आलाच. त्यासाठी लांब दांडीचे, १२ मिलिमीटरच्या नळीतून आत जाणारे आणि टोकाला मान वळविणारे स्टेपलर निघाले. पुढे बॅटरीवर चालणारेही आले, म्हणजे दाबताना हात हलत नाही. या मार्गाने आज जिल्ह्याच्या ठिकाणीही हे यंत्र पोहोचले आहे. परभणीच्या रस्त्यांवरून जाताना पाट्या वाचा: ‘मूळव्याध, भगंदर, फिशर: लेझर व स्टेपलरद्वारे उपचार’. मूळव्याधीसाठी स्टेपलर वापरण्याची पद्धत इटलीच्या लाँगो यांनी १९९८ मध्ये जगापुढे ठेवली. तोही गोल स्टेपलरच. तो मोड कापीत नाही, तर त्यांच्या वरच्या भागातली अस्तराची एक पट्टी गोलाकार कापून उरलेले वर ओढून धरतो. वेदना कमी, पण मूळव्याध पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक. पाटीवर पहिली गोष्ट असते, दुसरी नसते.

मग हातापेक्षा यंत्र चांगले का? या प्रश्नाचे उत्तर मला वाटले होते तितके सरळ नाही. मोठ्या आतड्याच्या जोडांविषयी जगभरच्या चाचण्या एकत्र करून २००१ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात गळतीच्या बाबतीत हाताची शिवण आणि स्टेपलर यांत कोणीही सरस ठरले नाही. स्टेपलरने वेळ वाचतो. उलट पुढे जोड आकसून अरुंद होण्याचे प्रमाण त्यात जास्त. लहान आतडे मोठ्याला जोडताना मात्र स्टेपलरमध्ये गळती कमी आढळली. म्हणजे जागेवर अवलंबून. ज्या सर्जनचा हात शिवण्यात तयार आहे, तो स्टेपलर न वापरता वरच्या आतड्याचा जोड उत्तम करू शकतो, आणि त्यात रुग्णाचे पैसेही वाचतात. मला स्वतःला असे वाटते, की जिल्ह्यातल्या गरीब रुग्णापुढे हा पर्याय दरवेळी शब्दांत मांडला गेला पाहिजे: येथे यंत्राशिवाय चालेल, तेथे चालणार नाही.

यंत्र बिघडतही असते. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये जाहीर केले, की जानेवारी २०११ ते मार्च २०१८ या काळात शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलर व पिनांविषयी ४१,००० हून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांत ३६६ मृत्यूंच्या होत्या. नोंद झाली म्हणजे दोष यंत्राचाच असे सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पिना नीट न वळणे, रांग उघडणे, यंत्र मध्येच अडकणे, आणि चुकीचे माप निवडले जाणे, अशी कारणे त्यांत होती. तोवर तेथे हे उपकरण सर्वात कमी जोखमीच्या वर्गात मोडत असे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते वरच्या वर्गात घालून चाचण्यांच्या आणि लेबलच्या अटी कडक केल्या गेल्या. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ मध्ये झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून ते अमलात आले. रिकामे झालेले काडतूस चुकून पुन्हा चालविले गेले तर पिनांशिवाय नुसते पातेच धावेल. हा अनर्थ टाळण्यासाठी यंत्रात अडसर बसविलेला असतो, आणि तो रिकाम्या काडतुसाला पुढे जाऊच देत नाही. काडतूस एकदाच वापरायचे असते. खोक्यावर त्याचा क्रमांक आणि मुदत छापलेली चिकटपट्टी असते. ती रुग्णाच्या फाइलमध्ये लावण्याची रीत आहे. नातेवाइकांनी ती मागून पाहावी. त्यात कोणाचा अपमान नाही.

एक शंका काकूने नंतर कितीदा तरी काढली: त्या पिना काढायच्या कधी? वरच्या कातडीला मारलेल्या पिना वेगळ्या; त्या आठ-दहा दिवसांनी काढतात. आतल्या काढायच्या नसतात. त्या आता बहुधा टायटॅनियमच्या असतात, शिवणाच्या दोऱ्याइतक्या बारीक. हा धातू गंजत नाही, शरीर त्याला परका मानत नाही आणि चुंबक त्याला ओढत नाही. मागच्या वर्षी काकांच्या मणक्याचा एमआरआय काढायचा होता तेव्हा तेथील माणसाने विचारले, “अंगात काही धातू?” घरी दिलेल्या कार्डावर पिनांचा उल्लेखच नव्हता. मी सांगितले, त्याने फाइल मागितली, चिकटपट्टी पाहिली आणि काकांना आत घेतले.

त्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर काढलेल्या चित्रातला शेवटचा भाग मला फार आवडला. गोल यंत्राचे दोन भाग असतात. ऐरण छत्रीच्या टोपीसारखी; ती आतड्याच्या वरच्या टोकात बसवून दोऱ्याने आवळतात. यंत्र खालून येते, त्याचा दांडा टोपीत खटकन अडकतो, आणि मूठ फिरवली की दोन्ही टोके एकमेकांवर येतात. दाबले की पिनांची दोन वर्तुळे बसतात आणि त्यांच्या आतून गोल पाते फिरून मधला मार्ग मोकळा करते. यंत्र बाहेर काढल्यावर त्यात कापलेल्या मांसाच्या दोन चकत्या निघतात, मेदूवड्यासारख्या, मध्ये भोक असलेल्या. सर्जन त्या बोटावर घेऊन गोल फिरवून पाहतो. दोन्ही अखंड असतील तर जोड सगळीकडून बसला. एखादी तुटकी निघाली तर तेवढ्या जागी पिनांनी आतडे धरलेलेच नाही, असे समजायचे. त्यानंतरची परीक्षा तर आपल्या पंक्चरवाल्याचीच. पोटाच्या त्या खोलगट जागेत पाणी भरतात, वरचे आतडे चिमट्याने दाबून धरतात आणि खालून हवा सोडतात. सगळे पाण्याकडे पाहत उभे राहतात. बुडबुडे आले नाहीत तर पाणी ओढून घेऊन पोट बंद करतात. आले तर यंत्र बाजूला ठेवून सुई-दोरा मागवतात.